आठ सिलिंडर आणि एकच नाक

इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवेची भूक मोठी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. ही दोन्ही योग्य प्रमाणात मिसळून देणे हे कार्बोरेटरचे काम. एवढे ध्यानात घेतले, की अमेरिकेतल्या 'हॉट रॉड'चा, म्हणजे घरी फेरफार करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्यांचा इतिहास उलगडू लागतो.

१९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसवले. शक्ती ६५ अश्वशक्ती. पुढे या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बेताच्या ऐपतीच्या तरुणांना परवडू लागल्या. मडगार्ड काढायचे, वजन उतरवायचे आणि मुरॉकसारख्या सरोवराच्या कोरड्या, सपाट तळावर गाडी पळवायची, हा त्यांचा नाद. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी वेगाची रीतसर नोंद ठेवण्यासाठी संघटनाही काढली.

पण वेग चढला की इंजिन धापा टाकी. आठ सिलिंडर आणि श्वास घ्यायला नाक एकच! १९३८ मध्ये लॉस एंजेलिसचे गॅरेजमालक व्हिक एडलब्रॉक यांनी दोन कार्बोरेटर बसतील असे मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा नळ्यांचा भाग, तयार केले. त्यावर फोर्डच्याच गाड्यांत वापरलेले 'स्ट्रॉमबर्ग ९७' कार्बोरेटर बसत. सर्वांत अरुंद जागी त्याच्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच, म्हणून हे नाव.

मला मात्र खरी कारागिरी दिसते ती दोन्ही कार्बोरेटर जुळवण्यात. इंजिन आधी गरम करायचे. दोन्ही झडपांना जोडणारी दांडी सोडवायची. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेची सूं-सूं ऐकायची. दोन्हीकडे आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग मिश्रणाचे स्क्रू एकेक करून लावायचे आणि कोणतीही झडप न हलवता दांडी पुन्हा जोडायची. शेवटी, पाय पूर्ण दाबल्यावर दोन्ही झडपा पूर्ण उघडतात ना, हे पाहायचे.

इथे आळस केला, तर उभ्या गाडीचे इंजिन अडखळते. भर वेगात एका कार्बोरेटरने पेट्रोल कमी दिले, तर काही सिलिंडरांतले मिश्रण पातळ होते, उष्णता वाढते आणि पिस्टन वितळूही शकतो. पदरमोड करून उभे केलेले इंजिन क्षणात भंगारात!

गॅरेजमधली ही युक्ती पुढे कारखान्यांनी उचलली. १९५५ च्या क्रायस्लर सी-३०० मध्ये दोन कार्बोरेटर आणि ३०० अश्वशक्ती होती. १९५७ मध्ये पॉन्टियाकने तीन दिले. नेहमीच्या चालीला मधला पुरे, जोर हवा की बाजूचे दोन उघडत.

नंतर धुराचे नियम कडक झाले, संगणकाने चालणारी इंधन-फवारणी आली आणि कार्बोरेटर मागे पडला. आपल्याकडेही २०२० मध्ये 'भारत स्टेज ६' लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतून तो गेला. संगणक हे काम अधिक अचूक करतो, यात वाद नाही. पण नळी कानाला लावून दोन श्वास जुळवणारा हात जुन्या इंजिनांना अजून लागतो. ती विद्या पुस्तकात पुरती उतरत नाही. जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागते.