एक रिकामी खुर्ची, अख्खं सरकार : तुवालूच्या पोटनिवडणुकांची गोष्ट

पोटनिवडणूक म्हटलं की आपल्याकडे फारसं कुणी कान टवकारत नाही. एखादी जागा रिकामी झाली, कुणीतरी निवडून आलं, पेपरात आतल्या पानावर बातमी आली, संपला विषय. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. त्यातला एक इकडचा तिकडे झाला तरी सहसा सरकारचं काही बिघडत नाही.

पण सभागृहात माणसंच पंधरा असतील तर?

आज आपण तुवालूला जाणार आहोत. पॅसिफिक महासागराच्या मधोमध नऊ छोटी बेटं. सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं साधारण अकरा हजार. १ ऑक्टोबर १९७८ ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. तुम्ही ज्या वेबसाइटच्या शेवटी ‘डॉट टीव्ही’ बघता ना, ते टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन नव्हे, ते तुवालूचं नाव आहे.

आपली गोष्ट घडली तेव्हा तिथल्या संसदेत १५ जागा होत्या. सात बेटांचे प्रत्येकी दोन खासदार आणि नुकुलाइलाइ या बेटाचा एक. राजकीय पक्ष नाहीत. म्हणजे व्हीप नाही आणि पक्षचिन्हही नाही. निवडून आलेले पंधरा जण एकत्र बसतात आणि ज्याच्याकडे आठ डोकी, तो पंतप्रधान. आठ हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मारामारी त्याच्यासाठीच आहे.

डिसेंबर २०१० मध्ये विली तेलावी पंतप्रधान झाले. ८ विरुद्ध ७. विरोधी बाजूला एनेले सोपोआगा. तेलावींच्या सरकारात अर्थमंत्री होते लोटोआला मेतिया, नुकुफेताऊ बेटाचे खासदार. आता गंमत बघा. सोपोआगाही नुकुफेताऊचेच. जानेवारी २०११ मध्ये नुकुफेताऊच्या लोकांनी मेतियांच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली. त्यावर सरकारनं काय केलं? दोन आठवडे सभा आणि मोर्चांवर बंदी घातली. एवढ्याशा देशात! पण जिथे आठच्या आठ माणसं जपावी लागतात, तिथे एका बेटाची नाराजी म्हणजे सरकारच्या गळ्याशी आलेलं पाणी.

पहिला धक्का जुलै २०११ मध्ये बसला. नुई बेटाचे खासदार आणि मंत्री इसाया इतालेली यांचं सामोआत निधन झालं. ८-७ चं झालं ७-७. सरकार अक्षरशः काठावर. पण पोटनिवडणूक लगेचच, २४ ऑगस्टला झाली आणि इसायांच्या पत्नी पेलेनिके इसाया निवडून आल्या. जिंकायला तीनशे मतंही लागली नाहीत. तेवढ्या मतांनी देशाचं सरकार वाचलं! पेलेनिके तुवालूच्या इतिहासातल्या दुसऱ्या महिला खासदार. पहिल्या होत्या नामा लातासी, १९८९ मध्ये निवडून आलेल्या. त्यांचे पती कामुता लातासी हे तेलावींच्या काळात संसदेचे सभापती होते. हे नाव आत्ता बाजूला ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता दुसरा धक्का. २१ डिसेंबर २०१२ ला अर्थमंत्री मेतिया वारले. पुन्हा ७-७. पण या वेळी जागा नुकुफेताऊची होती, सोपोआगांच्या बेटाची. तिथे काय निकाल लागेल याचा अंदाज तेलावींना नक्कीच असणार. निवडणुकीची नोटीस काढणं पंतप्रधानांच्या हातात होतं. त्यांनी ती काढलीच नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ना पोटनिवडणूक, ना संसदेचं अधिवेशन.

विरोधक उच्च न्यायालयात गेले. मे २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, १४ दिवसांत नोटीस काढा. २८ जूनला मतदान झालं आणि विरोधकांचे एलिसाला पिटा जिंकले. आता विरोधकांकडे आठ, सरकारकडे सात.

म्हणजे सरकार पडलं? छे! अविश्वास ठराव आणायला संसद तर बसायला हवी. तेलावी म्हणाले, राज्यघटनेनुसार वर्षातून एकदा संसद बोलावली की पुरे. मागची बैठक डिसेंबरमध्ये झाली, तेव्हा आता थेट येत्या डिसेंबरपर्यंत बघू.

इथे तिसरं पात्र येतं. तुवालूची राष्ट्रप्रमुख तेव्हा इंग्लंडची राणी होती आणि तिच्या वतीनं तिथे गव्हर्नर जनरल असायचे, इआकोबा इतालेली. एरवी हे पद शोभेचं. पण त्यांनी आदेश काढला की ३० जुलैला संसद भरलीच पाहिजे.

संसद भरली. सभापती कामुता लातासींनी अविश्वास ठराव घेऊच दिला नाही. आणि आरोग्यमंत्री ताओम तानुकाले यांनी त्याच दिवशी खासदारकीचा राजीनामा दिला. आपल्याच सरकारातला माणूस राजीनामा का देईल? कारण मग नुईची एक जागा रिकामी झाली! आता सरकारचं म्हणणं असं की आधी तिथे पोटनिवडणूक होऊ दे, मग ठरावाचं बघू. डोकं बघा कसं चालवलंय. आधी पोटनिवडणूक टाळून वेळ काढला, आता पोटनिवडणूक पुढे करून वेळ काढायचा.

एवढ्यावर न थांबता तेलावींनी गव्हर्नर जनरलनाच हटवण्यासाठी राणीला पत्र धाडलं. पण १ ऑगस्टला गव्हर्नर जनरलनी आपला राखीव अधिकार वापरून तेलावींनाच पदावरून दूर केलं आणि सोपोआगांना हंगामी पंतप्रधान नेमलं. २ ऑगस्टला मतदान झालं. सरकारच्या विरोधात ८, बाजूनं ४, एक तटस्थ. पुढच्या दोन-तीन दिवसांत सोपोआगा रीतसर पंतप्रधान झाले. आणि नुईची ती रिकामी जागा? सप्टेंबरमध्ये तिथे पोटनिवडणूक झाली. तानुकाले पुन्हा उभे राहिले आणि हरले.

गव्हर्नर जनरलनी केलं ते बरोबर की चूक? मी स्वतः यावर पुष्कळ विचार केला. निवडून न आलेल्या माणसानं पंतप्रधानाला घरी पाठवणं मला सहज पचत नाही. उद्या हाच अधिकार कुणी वाईट हेतूनं वापरला तर? पण त्यांनी सत्ता स्वतःकडे ठेवली नाही. दुसऱ्याच दिवशी निर्णय खासदारांच्या हातात दिला. माझ्या दृष्टीनं फरक तिथे पडतो.

आता ही गोष्ट मी का निवडली ते सांगतो. मी पुण्याचा मतदार. मार्च २०२३ मध्ये आमचे खासदार गिरीश बापट गेले. आपला कायदा म्हणतो, काही अपवाद सोडले तर रिकामी जागा सहा महिन्यांत भरा. निवडणूक आयोगानं सांगितलं, आम्ही लोकसभेच्या तयारीत आहोत, शिवाय नव्या खासदाराला मिळतील जेमतेम काही महिने. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोटनिवडणूक लगेच घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. मग थेट सार्वत्रिक निवडणूकच आली. चौदा महिने लाखो मतदारांना लोकसभेत प्रतिनिधी नव्हता.

नुकुफेताऊची जागा सहा महिने रिकामी राहिली तर देशाचं सरकार बदललं. आमची जागा वर्षाहून जास्त रिकामी होती आणि खरं सांगू? मला स्वतःला ते जाणवलंच नाही. ५४३ मधला एक, काय फरक पडतो, असंच मनात होतं. तुवालूनं मला उलटं शिकवलं. सभागृह छोटं असलं की रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते. मोठ्या सभागृहात ती दिसत नाही, एवढंच. पण खुर्ची तेवढीच रिकामी असते.

तुमच्या वॉर्डात, तुमच्या मतदारसंघात आज कुठली जागा रिकामी आहे, एकदा बघा. आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.