वाइडबॉडी किट

वाइडबॉडी किट : मोटारगाडीची मूळ रुंदी वाढवण्यासाठी तिच्या मडगार्डवर बसवायच्या, किंवा मूळ मडगार्ड काढून त्यांच्या जागी लावायच्या भागांचा संच. त्यात पुढचे व मागचे रुंद फेंडर (मडगार्ड), त्यांना जुळणारे बंपर, दारांखालच्या पट्ट्या (साइड स्कर्ट) आणि पुष्कळदा मागचा विंग असतो. साध्या ‘बॉडी किट’मध्ये बंपर व स्कर्ट बदलतात, पण गाडीची रुंदी तेवढीच राहते. वाइडबॉडीत रुंदी वाढते आणि तिच्यापाठोपाठ रिम, टायर व सस्पेन्शन यांनाही हात घालावा लागतो. शर्यतीच्या गाडीत रुंद टायर आधी ठरतो आणि तो झाकण्यासाठी अंग रुंद केले जाते. शोभेच्या गाडीत अंग आधी रुंद होते आणि ती पोकळी भरण्यासाठी टायर शोधला जातो. वरून दोन्ही गाड्या सारख्या दिसल्या, तरी त्यांच्यातला फरक या क्रमात आहे.

तत्त्व : वळण घेताना गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. सरकणारा भार गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची व वळणातील पार्श्व प्रवेग यांच्या सम प्रमाणात, तर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, गाडीचे वजन १,५०० किग्रॅ., गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मी. वर आणि चाकांमधील अंतर १.५ मी. आहे. पार्श्व प्रवेग गुरुत्वाच्या प्रवेगाइतका झाला, तर ५०० किग्रॅ. भार बाहेर सरकतो. अंतर १.६ मी. केले, तर तोच आकडा सुमारे ४६९ किग्रॅ.वर येतो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून भार जितका समान वाटला जाईल, तितकी चारही टायरांची एकत्रित पकड अधिक.

रुंद टायरचा फायदा मात्र अनेकदा चुकीचा सांगितला जातो. रस्त्याला टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद घेतला की तेच क्षेत्र लांबीला कमी व रुंदीला जास्त होते. वळणावर ही ठेवण अधिक अनुकूल असते. शिवाय रबर जास्त असल्याने उष्णता पसरते आणि अधिक मऊ, अधिक चिकट रबर वापरणे परवडते.

याची किंमतही आहे. समोरून दिसणारे क्षेत्र वाढल्याने हवेचा विरोध वाढतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे सरळ रस्त्यावरचा कमाल वेग घटतो. अमेरिकेतील डॉज कंपनीने २०१८ सालच्या चॅलेंजर हेलकॅट गाडीची वाइडबॉडी आवृत्ती कारखान्यातूनच काढली, तेव्हा हा सौदा स्पष्ट दिसला. गाडी ३.५ इंच (सुमारे ८९ मिमी.) रुंद झाली आणि टायर २७५ मिमी.वरून ३०५ मिमी.वर गेले. वळणावरची पकड सुधारली. कमाल वेग मात्र ताशी १९९ मैलांवरून १९५ मैलांवर आला.

शर्यतींतील उगम : शर्यतींच्या नियमांनीच या प्रकाराला जन्म दिला. ‘रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच शर्यतीची गाडी तयार करावी’ अशी अट असलेल्या गटांत रुंद टायर बसवायचा, तर मडगार्ड फुगवण्यावाचून गत्यंतर नव्हते. निस्सानने १९७१ मध्ये फेअरलेडी २४० झेडजी ही गाडी लांब नाक आणि चाकांवरच्या जास्तीच्या फेंडरांसह विक्रीला आणली, ती शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठी. पोर्शने ९११ कॅरेरा आरएस काढली तीही मान्यतेसाठीच. तिच्या रुंद भावंडाने, आरएसआरने, १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ या दोन्ही जिंकल्या.

१९७६ पासून लागू झालेल्या ‘ग्रुप ५’च्या नियमांत बॉनेट, छत व दारे मूळची ठेवून फेंडर मात्र हवे तसे करण्याची मुभा होती. पोर्शच्या अभियंत्यांनी या मुभेचा पुरेपूर लाभ घेतला. फेंडरवर बंधन नाही म्हणताच त्यांनी ९३५ गाडीच्या फेंडरवरचे उभे दिवे काढून खाली बंपरमध्ये नेले आणि नाक सपाट उतरते केले. क्रेमर बंधूंच्या ९३५ के३ने १९७९ ची ल मांची शर्यत सर्वसाधारण विजेती म्हणून जिंकली. बीएमडब्ल्यूने १९८६ मध्ये आणलेल्या पहिल्या एम३ चे चौकोनी, फुगीर फेंडरही ‘ग्रुप ए’ शर्यतींच्या मान्यतेसाठी होते. त्यासाठी बारा महिन्यांत ५,००० गाड्या तयार करणे आवश्यक होते.

शर्यतीच्या फेंडरमध्ये रुंदीखेरीज आणखी एक काम दडलेले असते. फिरणाऱ्या चाकाभोवती हवा कोंडते आणि तिचा दाब गाडीला वर उचलू पाहतो. फेंडरच्या माथ्यावरच्या किंवा मागच्या फटी ही हवा बाहेर सोडतात. पोर्श ९३४ सारख्या गाड्यांचे फेंडर उघड्या स्क्रू-रिव्हेटांनी जोडलेले असत. ते दिसायला नव्हे, तर धडक बसल्यावर झटपट काढून नवे लावता यावेत म्हणून.

शोभेसाठी वापर : १९८० च्या दशकात जर्मनीतील कोएनिग स्पेशल्स या म्युनिकच्या संस्थेने फेरारी टेस्टारोसासारख्या गाड्या श्रीमंत ग्राहकांसाठी रुंद केल्या, मर्सिडीजच्या कूपे गाड्यांवर एएमजीनेही असे काम केले. जपानमध्ये फुजी धावपट्टीवरच्या ‘सुपर सिल्हूट’ शर्यतींतील प्रचंड फेंडर पाहून तरुणांनी आपल्या जुन्या गाड्यांना तशीच रूपे दिली. आजची लाट त्याच परंपरेतून आली आहे. तिच्यातील तीन संस्थांची नावे प्रमुख आहेत : आकिरा नाकाई यांची आरडब्ल्यूबी, वातारू कातो यांची लिबर्टी वॉक आणि केई मिउरा यांची रॉकेट बनी. नाकाई केवळ पोर्शवर काम करतात. ग्राहकाच्या देशी जाऊन मूळ फेंडर स्वतः कापतात. कातोंनी लॅम्बोर्गिनीसारख्या महागड्या गाडीच्या पत्र्याला करवत लावली, तेव्हा जगभरचे शौकीन दचकले. या शैलीतही फेंडरवर बोल्टांची डोकी मिरवलेली असतात. शर्यतीतली सोय इथे अलंकार झाली आहे.

घडण व बसवणी : स्वस्त किट फायबरग्लासचे (एफआरपी) असते, महाग किट कार्बन फायबरचे; काही पॉलियुरेथेनचेही मिळतात. फायबरग्लासची कृती कोकणातील वेंगुर्ले-मालवण किनाऱ्यावर नवी नाही. मासेमारीच्या फायबर होड्या याच पद्धतीने होतात. साच्याला मेण चोळायचे, त्यावर जेलकोट द्यायचा, काचतंतूंची चटई पसरून रेझिन लावायचे आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला, तर पुढे तिथेच तडा जातो. फेंडर बसवताना मूळ पत्र्याची कड कापावी लागते. कापलेल्या कडेला प्राइमर, सीलर व आतून गंजरोधक लेप दिला नाही, तर दोन थरांमध्ये पाणी साचते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत असा पत्रा बाहेरून रंग चकचकीत असतानाच आतून गंजू लागतो.

रुंद चाकासाठी योग्य मापाची रिम घेण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी मूळ रिमच्या मागे स्पेसर (अंतर वाढवणारी चकती) घालून चाक नुसते बाहेर ढकलले जाते. त्याने पोकळी भरते, पण व्हील बेअरिंगवर तरफेचा ताण येतो आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात.

भारतातील स्थिती : देशातील मोठ्या शर्यतीच्या धावपट्ट्या महाराष्ट्राबाहेर आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई (१९९०), कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा (२०११). चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने २०१० पासून भरवलेल्या पोलो कपसारख्या स्पर्धांत सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या असतात, त्यामुळे अंग रुंद करून आघाडी घेण्यास वाव नसतो. साहजिकच महाराष्ट्रात या प्रकाराची ओळख शोभेच्या बाजूने झाली. मुंबईच्या डीसी डिझाइनने १९९० च्या दशकापासून गाड्यांची रूपे बदलण्याचा व्यवसाय रुजवला. ‘टार्झन : द वंडर कार’ (२००४) या हिंदी चित्रपटातील गाडी टोयोटा एमआर२ वर त्यांनीच घडवलेली होती. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या चाकांवरचे काळे प्लॅस्टिकचे फेंडर कारखान्यातूनच येतात, म्हणून ते कायद्याच्या दृष्टीने बदलात मोडत नाहीत.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात, केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून, हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आणले. अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रु. दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीच्या रुंदीची कमाल मर्यादा २.६ मी. असल्याने रुंद केलेली स्पोर्ट्स कार तीत सहज बसते. अडचण रुंदीची नसून नोंदीची आहे. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावाही अडचणीत येऊ शकतो. शर्यतीची गाडी नोंदणीशिवाय ट्रेलरवरून धावपट्टीवर नेली जाते, त्यामुळे ही बंधने तिला रस्त्यावरच्या गाडीसारखी लागत नाहीत.

कोकणातील वापर : वेंगुर्ल्याच्या बाजारातले अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंचे चिऱ्यांचे गडगे, गतिरोधक आणि आंबोली घाटातली समोरून येणारी एसटी, या सगळ्यांत गाडीची मूळ रुंदीही सांभाळावी लागते. पावसाळ्यात तर रुंद टायर हलक्या गाडीला घातकच ठरू शकतो. भार तेवढाच, पण पाणी बाजूला सारण्याची रुंदी जास्त, म्हणून साचलेल्या पाण्यावर असा टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो आणि स्टिअरिंग हलके पडते. फेंडर व चाक यांच्यातली फट शोभेसाठी अगदी कमी ठेवली असेल, तर तांबडी माती आत अडकून रबर घासते.

पारख : गाडी धावण्यासाठी रुंद केली की दिसण्यासाठी, हे तपासायला फेंडरच्या आत पाहावे. रिम योग्य मापाची असून मागे स्पेसर नाही, सस्पेन्शनची कोनमापे नव्याने जुळवलेली आहेत, चाक पूर्ण वळवल्यावर व दाबल्यावर कुठेही घासत नाही आणि फेंडरच्या फटी आरपार उघड्या आहेत, तर काम धावण्यासाठी आहे. फटीमागे बंद पत्रा आणि रुंद फेंडरखाली मूळचाच टायर असेल, तर ती सजावट आहे. सजावटीत गैर काही नाही. पण भारतात ती प्रदर्शनात किंवा बंदिस्त धावपट्टीवरच शोभते, सार्वजनिक रस्त्यावर ती नियमबाह्य ठरते.