होल्स्टर : मिरवण्याकडून झाकण्याकडे

छोट्या रिव्हॉल्व्हरचा परवाना हाती पडल्यावर परवानाधारकाचा पहिला प्रश्न बहुधा अगदी साधा असतो : हे अंगावर बाळगायचे कसे? उत्तर भारतात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी माणसाला कमरेचे शस्त्र दिसेल अशा बेताने लग्नमंडपात वावरणारे पाहुणे अपरिचित नसतात. वरवर केवळ सोयीचा वाटणारा हा प्रश्न दीड शतकाच्या प्रशासकीय इतिहासाशी जोडलेला आहे.

होल्स्टर हा मुळात घोड्याच्या साजाचा भाग. लांब नळीचे जड पिस्तूल खोगिराला अडकवलेल्या चामडी घरात राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिव्हॉल्व्हरचा प्रसार झाला आणि हे घर स्वाराच्या कमरेवर आले. त्यातील एक महत्त्वाची सुधारणा भारतातच घडली. दुसऱ्या पंजाब घोडदळाचा अधिकारी सॅम्युअल ब्राउन याने ३१ ऑगस्ट १८५८ रोजी रोहिलखंडातील सिरपुरा येथील चकमकीत डावा हात गमावला. म्यान डाव्या हाताने धरल्यावाचून तलवार उपसणे कठीण. त्यावर उपाय म्हणून त्याने रुंद कमरपट्टा आणि त्याचे वजन पेलणारे खांद्यावरचे पट्टे अशी रचना केली. पिस्तुलाचे घरही त्याच पट्ट्यावर बसले. पुढे ‘सॅम ब्राउन बेल्ट’ लष्कर आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात रूढ झाला. एका जायबंदी माणसाची गरज सत्तेचे चिन्ह बनली!

ते चिन्ह कोणाच्या अंगावर दिसावे, हे ठरविण्याचे काम लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने केले. भारतीयांना परवाना सक्तीचा झाला. युरोपीयांना सूट मिळाली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका जिव्हारी लागला की, १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. मात्र १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तसा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. घटनेने नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, ते शांततेने आणि विनाशस्त्र. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला.

दरम्यान शस्त्र लहान होत गेले. कानपूरच्या शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अवघे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. वजन घटले तरी फिरत्या चक्रीची जाडी उरतेच, आणि अंगाला टोचते ती मुख्यतः तीच. म्हणून होल्स्टर निवडताना पट्ट्यापासून सुरुवात करावी. मऊ पट्टा वजनाने लोंबतो आणि सारा भार एकाच जागी येतो. ताठ पट्टा, त्यावर घट्ट बसणारे घर आणि कमरेच्या हाडाच्या किंचित मागची जागा ही मांडणी बहुतेकांना सोसते. मात्र ती दुकानात उभ्याने नव्हे, तर खुर्चीत आणि मोटारीत बसून पारखावी. आपल्या हवेत घामाने धातू गंजतो आणि चामडे ओल धरते. त्यामुळे अंगाच्या बाजूस पदर असलेले घर घ्यावे आणि रात्री शस्त्र बाहेर काढून, पुसून, कुलपात ठेवावे.

सोयीहून मोठ्या अटी दोन. घोडा दाबण्याची जागा पूर्ण झाकलेली असावी, आणि वाकताना वा धावताना शस्त्र निसटू नये. नुसत्या खिशात किल्ल्यांसोबत ठेवलेले रिव्हॉल्व्हर कितीही सुखकर वाटले तरी या दोन्ही कसोट्यांवर नापास होते.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे हे चोख उदाहरण आहे. सुख बाळगणाऱ्याचे, धोका शेजाऱ्याचा. अशा ठिकाणी निवड सर्वस्वी ग्राहकावर सोडता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हीच गोष्ट ओळखली. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा तत्सम धारकात, संपूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. ते परजण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवात इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या.

सॅम ब्राउनचा पट्टा दिसण्यासाठी होता, कारण तो राज्यसत्तेचा होता. नागरिकाला मिळालेला परवाना स्वसंरक्षणापुरता असतो. सत्तेचा तो वाटा नव्हे. परवाना देणारे जिल्हा दंडाधिकारी अर्जदाराची पार्श्वभूमी आणि गरज तपासतात. शस्त्र रोज कसे वागवले जाते, हे मात्र कोणत्याही फायलीत दिसत नाही. तेथे कायद्याची भिस्त चामड्याच्या त्या लहानशा घरावर आणि ते निवडणाऱ्याच्या विवेकावर असते. चारचौघांना ज्याचा पत्ताही लागत नाही, ते होल्स्टर उत्तम.