कोळशाची अंगठी

जर्मनीच्या पश्चिमेस ऱ्हूर नदीकाठी एसेन नावाचे शहर आहे. नाव उच्चारताच जाणत्या वाचकांना क्रुप घराण्याच्या तोफा आठवतील. आपल्या देशातील राउरकेला येथील पोलाद कारखान्याच्या उभारणीतही या क्रुप कंपनीचा वाटा होता. तथापि एसेनची कथा पोलादापासून सुरू होत नाही. सुमारे 845 साली हिल्डेसहाइमचे बिशप संत आल्टफ्रीड यांनी येथे स्त्रियांचा मठ स्थापन केला व त्याच्याभोवती गाव वसले. मठाच्या प्रदेशावर पुढे 1803 पर्यंत मठाधिपती स्त्रियांचीच सत्ता होती, ही गोष्ट आमच्या भगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावी! त्यांच्यापैकी माटिल्डा हिच्या काळात, सुमारे 980 साली, पवित्र मारियेची सुवर्णमूर्ती घडविली गेली. उंची अवघी 74 सेंटीमीटर. आत पॉप्लरचे लाकूड, वर सोन्याचा पातळ पत्रा, मांडीवर बाळ येशू. मारियेच्या आज टिकून असलेल्या पूर्ण मूर्तींत हीच सर्वांत जुनी मानली जाते. 1943 च्या मार्च महिन्यातील बॉम्बवर्षावात मंदिर जळाले. मूर्ती आधीच अन्यत्र हलविलेली असल्याने वाचली.

1811 साली क्रुपची भट्टी पेटली आणि गावाचे रूप पालटले. 1850 च्या सुमारास दहा हजारांहून कमी वस्तीचे हे गाव 1960 च्या दशकात सात लाखांवर गेले. खेड्यापाड्यांतून, पोलंडकडील प्रांतांतून माणसे खाणीत उतरली. त्यांत कॅथलिक पुष्कळ होते. शेजारच्या नीडरवेनिगर्न गावचा निकोलाउस ग्रोस हा असाच एक खाणकामगार. पुढे तो ख्रिस्ती कामगारांच्या वृत्तपत्राचा संपादक झाला. नाझी राजवटीशी त्याने तडजोड केली नाही. सात मुलांच्या या पित्यास 23 जानेवारी 1945 रोजी बर्लिनमध्ये फाशी देण्यात आली. 2001 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यास धन्यवादित घोषित केले.

अशा श्रमिकांसाठी 1 जानेवारी 1958 रोजी एसेनचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला. पहिले बिशप फ्रान्झ हेंग्सबाख यांनी आपल्या अंगठीत रत्नाऐवजी कोळशाचा तुकडा बसविला. वस्तीवस्तीत नवी मंदिरे उभी राहिली. आणि दैवगती पाहा! त्याच 1958 साली कोळशाला उतरती कळा लागली. स्वस्त खनिज तेल व परदेशी कोळसा यांपुढे खोल खाणींचा निभाव लागेना. खाणीमागून खाण मिटली. एसेनमधील शेवटची, त्सोलफराइन, 23 डिसेंबर 1986 रोजी बंद झाली. 2001 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला व आता तेथे प्रवासी हिंडतात.

खाण पाहावयास प्रवासी आले, मंदिरांत बसावयास मात्र माणसे उरली नाहीत. 2006 नंतरच्या पुनर्रचनेत 259 धर्मग्रामांचे 43 झाले. काही मंदिरे विकली, काही पाडली. ज्या आजोबांनी पगारातून पैसे काढून मंदिरासाठी दिले, त्यांच्या नातवांनी ते कुलूपबंद झालेले पाहिले. केवळ रोजगार गेल्याने असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. 1991 साली निधन पावलेल्या हेंग्सबाख यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप असल्याचे 2023 साली खुद्द धर्मप्रांताने जाहीर केले आणि महामंदिरापाशी असलेला त्यांचा पुतळा काढण्यात आला. हे लिहिताना लेखणी जड होते. पण ते वगळून एसेनचा इतिहास सांगणे आम्हांस उचित वाटत नाही. ती अंगठी आता कामगारांच्या मुलांनी कोणत्या भावनेने आठवावी?

धर्मप्रांताच्याच हद्दीतील बॉट्रोप येथे 21 डिसेंबर 2018 रोजी जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. काजळलेल्या चेहऱ्यांचे खाणकामगार वर आले आणि त्यांनी कोळशाचा अखेरचा ढेप राष्ट्राध्यक्ष स्टाइनमायर यांच्या हाती दिला. सुवर्णमूर्ती महामंदिरात आपल्या जागी आहे.