लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत छोट्या फेरीचे मोल

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत शर्यत म्हटली की आठवतो तो शंकरपट. काही सेकंदांत निकाल लावणाऱ्या या बैलजोड्यांच्या धावेवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. जनावराला किती पळवावे आणि कोठे थांबवावे, हा या वादाचा गाभा होता. घोडेस्वारीतील ‘एन्ड्युरन्स रायडिंग’ म्हणजे लांब पल्ल्याच्या दौडीचा खेळ याच प्रश्नाभोवती उभा आहे. या खेळातील कमी अंतराच्या फेऱ्यांचे महत्त्वही त्यातूनच उलगडते.

खेळाचे स्वरूप

आधुनिक एन्ड्युरन्सची सुरुवात १९५५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली, असे मानले जाते. वेंडेल रॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताहो सरोवराच्या परिसरातून ऑबर्न गावापर्यंतचा सुमारे १०० मैलांचा डोंगरी मार्ग एका दिवसात पार केला. हीच दौड पुढे ‘टेव्हिस कप’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिला २४ तासांची मुदत असते. आजही १६० किलोमीटर हे अंतर या खेळाचा मानदंड समजले जाते.

येथे संपूर्ण अंतर सलग तोडायचे नसते. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यक घोड्याची तपासणी करतात. नाडीचे ठोके ठरलेल्या वेळेत ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरावे लागतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ही मर्यादा साधारणतः मिनिटाला ६४ ठोक्यांची असते. त्वचेची चिमटी सोडल्यावर ती किती लवकर पूर्ववत होते, हिरड्यांचा रंग कसा आहे, आतड्यांचा आवाज येतो की नाही, दुडक्या चालीत घोडा लंगडतो काय, हे सारे पाहिले जाते. यातील एखादी बाब समाधानकारक नसेल तर घोडा बाद होतो. मग तो सर्वांत पुढे असला तरी अपवाद केला जात नाही. ‘पूर्ण करणे म्हणजेच जिंकणे’ हे या खेळाचे ब्रीद आहे.

छोटी फेरी कोणती?

१९७२ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स’ ही संघटना ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, व त्यापुढील दौडीलाच ‘एन्ड्युरन्स’ म्हणते. २५ मैलांपासून (सुमारे ४० किलोमीटर) ५० मैलांच्या आतील फेऱ्या ‘मर्यादित अंतर’ या स्वतंत्र वर्गात येतात आणि त्यांच्या मैलांची नोंदही वेगळी ठेवली जाते. छोटी फेरी हा खरा एन्ड्युरन्स आहे काय, असा वाद त्यामुळे अधूनमधून उपस्थित होतो.

वस्तुतः छोट्या फेरीतील धोका निराळा आहे. १६० किलोमीटरच्या दौडीत घोड्याची शक्ती राखून ठेवणे भागच असते. ४० किलोमीटरचे अंतर मात्र अननुभवी स्वाराला भरधाव पळविण्याचा मोह घालते. यावर संघटनेने साधा उपाय योजला आहे. मोठ्या दौडीत घोड्याने अंतिम रेषा ओलांडली ती वेळ धरली जाते, तर मर्यादित अंतराच्या फेरीत घोड्याची नाडी मिनिटाला ६० ठोक्यांपर्यंत उतरेल तेव्हाच फेरी पूर्ण झाली असे मानतात. धापा टाकत प्रथम आलेला घोडा शांतपणे मागाहून आलेल्या घोड्याच्या मागे पडू शकतो.

पायाभरणीचे वर्ग

छोट्या फेरीचे दुसरे कार्य शिक्षणाचे आहे. नियमित व्यायामाने घोड्याचे हृदय आणि स्नायू तुलनेने लवकर तयार होतात. हाडे, अस्थिबंध आणि पायांतील कंडरा यांना मात्र अधिक काळ लागतो. घोडा दमलेला दिसत नाही म्हणून अंतर वाढवले, तर पाय निकामी होण्याची भीती असते. म्हणूनच वरील अमेरिकी संघटना चार वर्षांच्या घोड्याला मर्यादित अंतरात, तर पाच वर्षांच्या घोड्याला ५० मैल व पुढील दौडीत उतरू देते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांतही तारांकित स्पर्धेपूर्वी ४० किलोमीटरपासूनच्या प्राथमिक फेऱ्या ठरावीक संख्येने पूर्ण कराव्या लागतात आणि त्यांत वेगावरही बंधन असते.

हा संयम सुटला की काय होते, हे सर्वोच्च पातळीवरही दिसले आहे. घोड्यांच्या दुखापतींच्या आणि नियमभंगाच्या तक्रारींनंतर महासंघाने २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला काही काळ निलंबित केले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रायॉन येथील जागतिक स्पर्धेत प्रारंभातील गोंधळामुळे दौड पुन्हा सुरू करण्यात आली आणि अंतर १६० वरून १२० किलोमीटरवर आणण्यात आले. तरीही उष्णता व दमटपणा असह्य होऊन दौड मध्येच रद्द करावी लागली. अनेक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एक घोडा दगावला. अंतर कमी केले म्हणजे धोका टळतोच असे नाही. हवामान, वेग आणि तपासणी यांची सांगड घालावीच लागते.

आपल्याकडील संदर्भ

भारतात या खेळाची धुरा इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे असून येथील स्पर्धांत ४०, ६० व ८० किलोमीटरच्या फेऱ्यांना प्रमुख स्थान आहे. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. मराठी फौजांचा प्रवास ‘मजल दरमजल’ होई. मजल म्हणजे एका दिवसात चालायचे अंतर. उद्याही घोडा चालला पाहिजे, हा हिशेब त्यात गृहीत होता. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोड्याचे रूप आणि चाल पारखली जाते. नाडी पूर्ववत होण्याचा वेग ही या खेळाने दिलेली आणखी एक कसोटी होय.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या चंद्रपूर पट्ट्यात अशी फेरी घ्यायची झाल्यास हिवाळ्याचे महिने, पहाटेचा प्रारंभ, टप्प्याटप्प्यावर पाणी आणि पशुवैद्यकांचे पथक या किमान गरजा ठरतील. ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीविना प्रवेश नसल्याने मार्गही बाहेरूनच आखावा लागेल. नवख्या घोड्यासाठी आणि स्वारासाठी तेथे ४० किलोमीटर हे अंतर पुरेसे आहे. त्याहून पुढे जायचे की नाही, हे पशुवैद्यकाने मोजलेल्या ठोक्यांवरून ठरवावे लागेल.