बालहृदय शस्त्रक्रिया : सीमाभागातील गरजू कुटुंबांसाठी मदतीचे मार्ग

जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांमागे आठ-नऊ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले काही दोष किरकोळ असतात, लहान छिद्रे तर आपोआपही बुजतात. पण काहींना शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो, आणि तिला ठरावीक मुदत असते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी कुटुंबांना दोन राज्यांच्या योजनांचा विचार करावा लागतो, म्हणून ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

आधी मुदतीविषयी, कारण पैशाची जुळवाजुळव करताना हीच गोष्ट मागे पडते. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल तर ते बहुधा पहिल्या वर्षातच बुजवतात. बाळ निळे पडते अशा ‘फॅलो’च्या दोषाची दुरुस्तीही साधारण वर्षाच्या आतबाहेर होते. वरच्या कप्प्यांमधील छिद्राला मात्र बहुतेक वेळा तीन-चार वर्षांपर्यंत थांबता येते. ‘मूल जरा मोठे होऊ द्या, मग बघू’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला या शेवटच्या प्रकारात चालून जातो. मोठ्या छिद्राच्या बाबतीत तो घातक ठरतो. फुप्फुसांकडे जास्त रक्त जात राहिले की तिथल्या रक्तवाहिन्या कडक होतात, दाब वाढतो, आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणेच धोक्याचे होते. तेव्हा हातात पैसे असूनही उपयोग नसतो.

दूध पिताना बाळाला घाम येणे, दोन घोट पिऊन दमणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, रडताना ओठ-नखे निळी पडणे, या खुणा दिसल्या तर ‘दृष्ट लागली’ म्हणून थांबू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. तपासणी पथकाने दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी. पुढील मोफत उपचाराची वाट बऱ्याचदा तिथूनच निघते. तान्ह्या बाळासाठी मात्र पथकाची वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे ‘इको’, करून घ्यावी.

कर्नाटकात बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला योजनेच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला कमाल दीड लाख, इतकीच मदत आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील १२ तालुक्यांतल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. आजारी मुलाच्या आईबापांनी त्या वादात न पडता एवढेच करावे : कोल्हापूर, मिरज किंवा पुण्याला निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आपले गाव, कार्ड आणि निदान सांगून ‘हे चालेल का’ असे स्पष्ट विचारून घ्यावे.

सर्व योजनांत एक अट सारखी आहे आणि तिथेच लोक फसतात. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. दागिने मोडून, सावकाराकडून उचल घेऊन बिल भरले आणि मग कार्ड दाखवले तर ते पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. देणगीचेही तसेच. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी असो वा मोठे धर्मादाय न्यास, मदत रुग्णालयाच्या नावे जाते, कुटुंबाच्या हाती नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक हा पहिला कागद. नाडकचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असतो. महाराष्ट्रातील न्यासाकडे पाठवताना सोबत मराठी किंवा इंग्रजी भाषांतर जोडलेले बरे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना कायद्याच्या कलम ४१ अअ प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. याविषयी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. चौकशी खिडकीवर ही माहिती आपणहून क्वचितच मिळते. श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालयांत (नवा रायपूर, पलवल, खारघर) मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात, तिथे बिलाची खिडकीच नाही. अर्थात अशा ठिकाणी प्रतीक्षायादी असते. म्हणून एकाच दारावर विसंबू नये, दोन-तीन ठिकाणी कागद एकदम पाठवावेत.

योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, घराचा नाही. बाळाबरोबर आई-वडील दोघेही गेले की मजुरी बुडते. खोलीभाडे, जेवण, बाहेरची औषधे, नंतरच्या तपासण्यांच्या फेऱ्या हे सगळे उरतेच. शस्त्रक्रिया फुकट मिळूनही दुसऱ्या तपासणीला मूल येत नाही, ते या खर्चापायी. महिला मंडळे, गणेशोत्सव मंडळे, वाचनालये यांची मदत खरी लागते ती इथे. शस्त्रक्रियेच्या गावी ओळखीच्या घरी उतरण्याची सोय, रक्तदाते आणि पुढच्या वर्षभराचे प्रवासभाडे, एवढे एका मंडळाला झेपते. हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला व एका सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसी वर्गात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा नमुना रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो.

वर्गणी गोळा करायची झाल्यास रक्कम रुग्णालयातील मुलाच्या खात्यावर थेट भरावी आणि पावती सूचनाफलकावर लावावी. शिल्लक उरली तर तिचे काय करायचे, हे आधीच लेखी ठरवावे. नंतर ठरवायला बसले की गावात तोंडे वाकडी होतात. ८०जी ची आयकर सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, कुटुंबाला थेट दिलेल्या पैशावर नाही, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला तीही नाही. मुलाचा नळ्या लावलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याची गरज नसते. डॉक्टरांचे पत्र, अंदाजपत्रक आणि मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक एवढे आवाहनाला पुरते.