२४ तासांत अडीच ‘एव्हरेस्ट’! स्कीइंगमधला ‘व्हर्टिकल’ विक्रम मोजतात कसा?

बर्फावरून कुणीतरी सुसाट खाली येतंय आणि सोबतच्या स्क्रीनशॉटवर हजारो मीटरचा ‘व्हर्टिकल’ आकडा झळकतोय, अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये आली असेल. लाइक करण्याआधी एक बघा: हा आकडा चढल्याचा आहे की उतरल्याचा?

व्हर्टिकल म्हणजे कापलेलं अंतर नव्हे, उंचीतला फरक. स्की रिसॉर्टवर लोक लिफ्टने वर जातात आणि ॲप फक्त उतरलेली उंची मोजतं. १९९८ मध्ये कॅनडातल्या ब्लू रिव्हर इथे चार स्कीअर साडेचौदा तासांत तब्बल १ लाख ७ हजार मीटर उतरले. वर न्यायला मात्र हेलिकॉप्टर होतं!

स्वतःच्या पायांनी चढायचं ठरवलं की आकडे एकदम खाली येतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या माइक फूटने मोंटानात २४ तासांत १८,६५४ मीटर चढाई केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पेनचा किलियन जोर्नेट नॉर्वेतल्या मोल्डेजवळ टुस्टेनच्या उतारावर २३,४८६ मीटर चढला, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या अडीच पटीहून जास्त. पुढे ऑस्ट्रियाच्या याकोब हेरमानने २४ हजारांचाही टप्पा ओलांडला.

स्कीवरून वर चढतात तरी कसं? स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉन किंवा मोहेरची असते. माथ्यावर पोहोचलं की पट्टी ओढून काढायची, टाच बुटासकट स्कीला लॉक करायची, खाली यायचं आणि पायथ्याशी पट्टी पुन्हा लावायची. जोर्नेटने हे ५१ वेळा केलं. खाणंपिणं धरून एका फेरीला सरासरी २८ मिनिटं!

उतरण्याचे गुण शून्य, पण खरा धोका तिथेच. फेब्रुवारीत नॉर्वेत दिवसापेक्षा रात्र मोठी. थंडी वाढते तसा बर्फ कडक होतो आणि स्किनची पकड सुटायला लागते. चढताना घामाने भिजलेले कपडे उतरताना वाऱ्यात गारठतात. त्यात मांड्या थकलेल्या आणि डोळ्यांवर झोप. अशा वेळी अनोळखी डोंगर परवडत नाही. म्हणूनच हे विक्रम रिसॉर्टच्या यंत्राने सपाट केलेल्या, शक्यतो दिवे असलेल्या उतारावर होतात. काहींना ही पळवाट वाटते. आम्हाला तरी तो शहाणपणा वाटतो.

आणि मोजणी? घड्याळातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. रात्रीत हवामान बदललं तर तुम्ही जागेवर उभे असतानाही आकडा हलू शकतो. त्यामुळे भरवशाचा हिशेब साधाच: एका फेरीची मोजलेली उंची गुणिले फेऱ्या. टुस्टेनची एक फेरी साधारण ४६० मीटरची होती.